धाकटीला आत घ्या

१

मास्तरीणबाईनं आयुष्यात कधी कुठल्या वर्गावर शिकवलं नव्हतं. हे नाव तिला घराघरांतल्या सुनांनी आणि लेकींनी दिलेलं होतं, आणि त्यात थोडी चेष्टा होती, थोडा वचकही होता. स्मृतिभ्रंशावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात ती नोकरीला होती. काम असं, की ज्या घरात विसरत चाललेलं म्हातारं माणूस आहे त्या घरी जायचं, सोफ्याच्या कडेला टेकायचं आणि घरच्यांना एकच गोष्ट शिकवायची. नाही म्हणायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं, करून पाहिलं की घाम फुटतो. आजी म्हणाली, मला शाळेला उशीर होतोय, तर 'तुम्ही कधीच्या रिटायर झालात' असं म्हणायचं नाही. आज सुट्टी आहे म्हणायचं. आजोबांनी गेलेल्या भावाची चौकशी केली तर तो गेला हे सांगायचं नाही, कारण जितक्यांदा सांगाल तितक्यांदा त्यांचा भाऊ नव्यानं मरतो. बरा आहे म्हणायचं, तुमची आठवण काढत होता म्हणायचं, आणि विषय हळूच चहाकडे वळवायचा. केंद्रात याला होकाराची पद्धत म्हणत. निम्म्या घरांना ती शिकवायची, निम्म्या घरांनी आपलं नेहमीसारखं वागायचं, आणि कुठलं म्हातारं माणूस जास्त शांत राहतं, कुणाला गोळ्या कमी लागतात ते बघायचं. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, ते या पद्धतीवर बेहद्द खूश होते. औषधांनी जमेना ते एका 'हो'नं जमतंय, असं ते आल्यागेल्याला सांगत.

दुसऱ्यांना शिकवता शिकवता हे सगळं स्वतःच्या घरी पाळायची वेळ तिच्यावर आली होती. तिचे वडील, आबा, लिफ्टचे मेकॅनिक होते. तारा, चाकं आणि वंगण यांत त्यांची हयात गेली, आणि बायको लवकर गेल्यावर याच एकुलत्या एका मुलीला त्यांनी हाताखाली वाढवलं. आता ते तिच्या फ्लॅटमध्ये राहत. दिवसा मावशी त्यांना सांभाळायच्या, त्या संध्याकाळी घरी जायच्या. आबा बायकोचं नाव विसरले, स्वतःचं वय विसरले, आपल्याला लेंगा घालायचा आहे की काढायचा हेही कधी कधी विसरत. पण मुलगी दारातून आत आली की मान वर करून विचारत, "ढब्बू, दमलीस का गं?"

लहानपणी ती गुटगुटीत होती, म्हणून ढब्बू. जगात तिला या नावानं हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मोठे डॉक्टर एकदा चहा पिता पिता म्हणाले होते की हेही जाईल, आज ना उद्या. तिनं समजूतदारपणे मान डोलावली होती. मनात मात्र ती म्हणाली होती, बाकी सगळं जाऊ दे, एवढं राहिलं तरी माझं निभेल.

२

मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी जायला तिला आवडायचं. बाई नव्वदीला टेकलेल्या, पण आवाज अजून अख्ख्या मैदानाला पुरेल असा. त्यांची सून नोकरी सोडून घरी बसलेली आणि सासूवर मनापासून जीव लावणारी. अशी जोडी या कामात क्वचित भेटते. सूनबाईंनी पद्धत इतकी झटकन उचलली होती की आपल्या जागी हिलाच पाठवावं असं मास्तरिणीला वाटे.

त्या दुपारी सूनबाईंनी दारातच बातमी दिली. दिवस कलला की बाई सैरभैर व्हायच्या, चपला घालून निघायच्या, ते पार थांबलं होतं. जेवण नीट, झोप नीट, गोळी निम्मी केलेली. झालं होतं असं, की बाईंना एक धाकटी दिसायला लागली होती. दाराबाहेर ताटकळली आहे, तिला आत घ्या, असा त्यांनी धोशाच लावला. सूनबाईंनी शिकवल्याप्रमाणे केलं. दार उघडलं, 'ये गं' म्हणाल्या, दार लावलं आणि आली म्हणून सांगितलं. तेव्हापासून घर शांत.

बाईंची एक धाकटी बहीण लहानपणीच गेली होती. तीच असणार, असं सूनबाई म्हणाल्या, आणि मास्तरिणीलाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आतल्या खोलीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. पुढ्यात एक बुटकं स्टूल, हातात कंगवा. स्टुलाच्या वर, हवेत, त्या कंगवा वरून खाली नेत होत्या, मध्येच थांबून डाव्या हातानं काहीतरी सोडवल्यासारखं करत होत्या, पुन्हा कंगवा फिरवत होत्या. हाताला काम दिलं की जीव रमतो हे तर मास्तरीण स्वतःच सांगायची. रुमालांच्या घड्या करायला द्या, शेंगा सोलायला द्या. त्यात कंगव्याचं काय वावगं?

"केस विंचरायचे राहिलेत हिचे," बाई म्हणाल्या. "कुणी बघितलंच नाही इतके दिवस."

मास्तरीण हो म्हणाली, गुंता बराच झालाय म्हणाली. मग समोर बसून बोलावं म्हणून तिनं ते स्टूल आपल्याकडे ओढलं. ते हललं नाही. फरशीच्या सांध्यात पाय अडकला असेल म्हणून ती वाकून जोर लावणार, तेवढ्यात बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या की तिला उठवू नका. मास्तरिणीनं हात काढून घेतला. पद्धतच तशी होती.

निघताना सूनबाई जिन्यापर्यंत आल्या. एकच जरा वाईट झालंय, असं म्हणून त्या हसल्या. बाई मुलाला ओळखतात, भांडीवालीलाही ओळखतात, पण सुनेला ओळखेनाशा झाल्या आहेत. "मला विचारतात, तुम्ही कुणाकडे आलात? रोज पाणी मी देते, आणि रोज माझे आभार मानतात हो." हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. मास्तरिणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि रोगच मेला असा आहे असं सांगितलं.

३

धाकटी दुसऱ्यांदा भेटली ती सिनेमाच्या ऑपरेटरकाकांकडे. काकांनी जन्मभर थिएटरच्या मागच्या खोलीत मशीन चालवलं होतं. अनाथाश्रमात वाढलेले, लग्न न केलेले, गोतावळा शून्य. एका खोलीत राहत, आणि केंद्रानं नेमलेला एक तरुण परिचारक त्यांची सेवा करायचा. त्याला सगळे ब्रदर म्हणत.

ब्रदर मोठ्या कौतुकानं सांगायला लागला की काका हल्ली किती सुधारले आहेत. आरडाओरडा नाही, ओरबाडणं नाही. नुसते कंगवा घेऊन बसतात. धाकटी दारात उभी आहे म्हणून हट्ट धरला होता, आपण हो म्हटलं, तिला आत घेतलं, आणि काम झालं.

मास्तरिणीनं विचारलं की कोण धाकटी. काकांना ना बहीण, ना मुलगी.

"असेल कुणीतरी मॅडम. आपल्याला काय करायचंय," ब्रदर म्हणाला. तुम्हीच तर सांगितलं होतं की कोण ते विचारायचं नाही. मग कानाशी येऊन त्यानं गंमत म्हणून सांगितलं, की काका आता त्याला मात्र ओळखत नाहीत. इतके दिवस 'माझा पोरगा' म्हणायचे, आता दिवसभर अहोजाहो करतात आणि सिनेमा सुटला, घरी जा म्हणतात.

काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या गुडघ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत कंगवा वरखाली होत होता. मास्तरीण जवळ गेली तसे ते न वळता म्हणाले, "केस विंचरायचे राहिलेत हिचे."

ती तिथून निघाली आणि बसथांब्यावर उभी राहून स्वतःची उलटतपासणी करू लागली. ही बाई संशोधनात मुरलेली, घाबरण्याआधी हिशेब मांडणारी. सूनबाई आणि ब्रदर यांची कधी गाठ पडली होती का? नाही. मग हे एका घरातून दुसऱ्या घरात कोण नेतंय? दोन्हीकडे जाणारी एकच व्यक्ती होती, ती स्वतः. शिकवताना आपणच कधी धाकट्या मुलीचं उदाहरण दिलं असेल आणि ते म्हाताऱ्यांच्या कानावर पडलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत काढली. असं उदाहरण दिल्याचं तिला काही केल्या आठवेना, पण आठवत नाही म्हणजे घडलं नाही असं तिनं तरी कोणत्या तोंडानं म्हणावं?

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले. या आजारात लहान मुलं दिसणं अगदी नेहमीचं आहे, म्हणाले. दारात मुलं, पलंगाखाली मुलं, जेवायला बसलेली मुलं. मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो. आणि जवळची माणसं विसरली जाणं, तो तर आजारच आहे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तिनंही हेच पुस्तकात वाचलं होतं.

तरीसुद्धा पुढच्या आठवड्यात ती उरलेल्या निम्म्या घरांत गेली, जिथे कुणालाच काही शिकवलेलं नव्हतं. बोलता बोलता सहज विचारल्यासारखं विचारत गेली. होय, तिथेही म्हातारी माणसं विचारत होती. धाकटी आली का, तिला आत घ्या. पण तिथली माणसं वैतागलेली, अडाणी म्हणा, प्रामाणिक म्हणा. एका आजोबांची मुलगी म्हणाली की आम्ही चक्क झापतो, कोणी धाकटीबिकटी नाही, गप बसा. ते आजोबा खिडकीच्या सळ्या धरून रडत होते, अंगावर धावून येत होते, गोळ्यांनीही आवरत नव्हते. आणि रडता रडता मुलीला नावानं हाक मारत होते.

त्या घराच्या जिन्यात मास्तरीण बराच वेळ बसून राहिली. जिथे हो म्हटलं तिथे म्हातारं माणूस शांत होतं. आणि ज्यानं हो म्हटलं तोच तेवढा पुसला जात होता.

४

असल्या गोष्टी उन्हात उभं राहून खोट्या ठरवता येतात. तिनंही ठरवल्या. मोजकी घरं, त्यावरून काय निष्कर्ष काढणार, असं तिनं स्वतःला बजावलं आणि दूध, ब्रेड घेऊन ती घरी आली.

आबा आज चांगल्या लहरीत होते. दमलीस का विचारलं, चहा अर्धा बशीत, अर्धा पोटात असा प्यायले. मावशी पदर खोचून निघाल्या. बाहेर उजेड तांबूस झाला होता. इमारतीची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. ती हलली की आबा कान टवकारत. बाकी सगळं विसरले तरी लिफ्टचा आवाज ते विसरले नव्हते. कुठली पुली कोरडी पडली आहे, कुठल्या मजल्यावर धक्का बसतो, किती माणसं आहेत, हे खुर्चीतून सांगत आणि स्वतःवर खूश होत.

लिफ्ट खालून निघाली. रेंगाळत वर आली आणि त्यांच्या मजल्यावर थांबली. जाळी सरकली नाही. कुणी बाहेर आलं नाही.

"एकच माणूस आहे," आबा म्हणाले. "अंगानं हलकं."

तिनं दाराच्या भोकातून पाहिलं. लिफ्टमधला दिवा लागलेला होता, आत कुणी नव्हतं. कुणा पोरानं बटण दाबून पळ काढला असेल, असं ती म्हणाली. आबा तिच्याकडे मायेनं बघत होते, एखादी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही अशा नजरेनं.

"धाकटी आली असेल. दारात ताटकळली आहे बघ. तिला आत घे, ढब्बू."

तिच्या तोंडात 'हो' तयार होता. सवयच ती, जीभ आपोआप वळते. तो तिनं गिळला.

"कुणी नाही आबा," ती म्हणाली. "तुम्हाला धाकटी नाही. मी एकटीच आहे."

आबा गोंधळले. तिनं त्यांना आजवर कधी असं तोडलं नव्हतं. मग ते खुर्चीतून उठून दाराकडे जायला लागले.

५

दुसऱ्या दिवशी तिनं मावशींना ताकीद दिली की आबांनी धाकटीचं नाव काढलं की नाही म्हणायचं, काही झालं तरी हो म्हणायचं नाही. मावशी बुचकळ्यात पडल्या. ताई, तुम्हीच तर उलट शिकवलंत, म्हणाल्या. या बाबतीत नाही, एवढंच तिनं सांगितलं. मावशींनी खांदे उडवले. शिकलेल्या माणसांचं काही खरं नाही असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग ते दिवस सुरू झाले. आबा दारापासून हलेनात. पहिल्यांदा संध्याकाळीच, मग दुपारपासून, मग उठल्यापासून. दाराला कान लावून उभे. पाय सुजले, घोटे दिसेनासे झाले. जेवणाचं ताट समोर धरलं तर म्हणत, ती बाहेर उपाशी आणि मी कसा खाऊ? खुर्ची दाराशी नेऊन दिली तर बसायचे नाहीत. रात्री ती त्यांना ओढून पलंगावर आणायची, सकाळी ते पुन्हा दाराशी. एकदा पडले आणि भुवई फुटली. लाकडावर नखं घासून त्यांनी बोटं सोलून घेतली. गोळी वाढवली, तर ते उभ्या उभ्या पेंगू लागले, पण दार सोडलं नाही.

आणि लिफ्ट. दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं, त्यानं यंत्रात काही दोष नाही म्हणून सांगितलं. ती रिकामी वर यायची, त्यांच्या मजल्यावर थांबायची, जाळी बंदच. पहिल्या पहिल्यांदा मास्तरीण भोकातून बघत असे. मग तिनं त्या भोकावर कागद चिकटवला, आणि आपण हे का केलं याचं उत्तर स्वतःला दिलं नाही.

तिला कळत होतं की ती काय करते आहे. ज्या बाईनं शंभर सुनांना सांगितलं की खरेपणापेक्षा त्यांचं समाधान मोठं, ती स्वतःच्या बापाला दारात वाळत ठेवत होती. कशासाठी? एका हाकेसाठी. त्यांनी आपल्याला ढब्बू म्हणावं म्हणून. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि तरी ती 'नाही' म्हणायची. आजवर कुणावर केलं नसेल इतकं प्रेम तिनं या म्हाताऱ्यावर केलं होतं, आणि आता तेच प्रेम त्यांच्या जिवावर उठलं होतं.

शेवटी मावशीच म्हणाल्या, तेही भीत भीत. "ताई, असे किती दिवस टिकतील हो ते?"

त्या संध्याकाळी मावशी गेल्यावर आबा दाराशीच खाली बसले, म्हणजे पाय दुमडून कोसळलेच. ती धावली. त्यांनी तिचा हात धरला. डोळे स्वच्छ होते, कित्येक महिन्यांत नव्हते इतके. ते तिला पूर्ण ओळखत होते.

"ढब्बू," ते म्हणाले, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. पोर बाहेर उभी आहे गं. तू तर माझी शहाणी मुलगी आहेस."

ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. तिनं त्यांचा चेहरा नीट बघून घेतला, भुवईवरची जखम, न दाढी केलेले गाल, आणि तिला ओळखणारे ते डोळे. तिनं त्यांना पुन्हा एकदा हाक मारायला सांगितलं. त्यांनी मारली. मग ती उठली, कडी काढली आणि दार उघडलं.

जिन्यात कुणी नव्हतं. लिफ्ट जाळीआड उभी होती आणि आतला दिवा जळत होता. ती बाजूला सरली, एक माणूस आत यायला लागेल एवढी.

"ये," ती म्हणाली. मग दार लावून घेतलं. "आली आबा. आत आली."

आबांनी डोळे मिटले आणि कित्येक दिवसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्यानंतर ते दोन ताटं जेवले.

६

सकाळी त्यांनी तिला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून, परक्या बाईला करतात तसा. तुम्ही सरकारी माणूस का, असं विचारलं. ती हो म्हणाली.

मावशींना ते ओळखत होते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही ओळखलं. तब्येत म्हणाल तर सुधारत होती. पायांची सूज उतरली, भुवई भरली, गोळी बंद झाली. मोठे डॉक्टर येऊन बघून गेले आणि तुमचं अभिनंदन करायला हवं म्हणाले. याच विषयावर पुढच्या परिषदेत बोला, असंही सुचवलं. ती बरं म्हणाली. हल्ली ती सगळ्यांनाच बरं म्हणत होती.

घर बदललं म्हणावं तर काहीच बदललं नव्हतं. फक्त स्वयंपाकघरातून ती बाहेर आली की आबांच्या खोलीतलं बोलणं थांबायचं. बोलायचे आबाच, दुसरा आवाज तिनं कधी ऐकला नाही. पण ते बोलायचे, थांबायचे, हसायचे आणि मग उत्तर द्यायचे. मोरीच्या जाळीत लांब केस अडकू लागले. मावशींचे असतील म्हणून तिनं ते काढून टाकले. मावशींचे केस पांढरे होते, आणि हे तिला केस कचऱ्यात टाकून झाल्यावर आठवलं.

एका रविवारी मावशी सुट्टीवर होत्या. दुपारी ती आबांना चहा द्यायला गेली. दार अर्धवट उघडं होतं. आबा पलंगाच्या कडेला पाठमोरे बसले होते आणि त्यांची कोपरं हलत होती. तिला वाटलं होतं तसंच, हवेत. मग तिनं ऐकलं. कंगवा हवेतून जात नव्हता. केसांतून कंगवा ओढताना होतो तो कोरडा, बारीक आवाज होत होता, मध्येच अडकत होता, आणि अडकला की आबा म्हणत, झालं, झालं, हलू नकोस.

गादीची कड आबांच्या पुढे दबलेली होती.

ती हलली नाही. डोकं सांगत होतं, गादी जुनी आहे, आबा पुढे सरकून बसले आहेत, स्प्रिंग गेली असेल. डोक्याचं ती आयुष्यभर ऐकत आली होती. तेवढ्यात आबांच्या हातून कंगवा निसटला आणि तो उचलायला ते बाजूला वाकले, आणि त्यांच्या खांद्यावरून क्षणभर तिला पलीकडचं दिसलं. एक भांग. पांढराफटक, सरळ पाडलेला भांग, दोन्ही बाजूंना काळे, ओलसर केस, आणि मान खाली घातलेली.

आबा सरळ झाले, आणि पुन्हा फक्त त्यांची पाठ दिसू लागली.

कपबशी वाजली तसे त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती कुणाची आहे हे कळायला तिला वेळ लागला नाही. त्यांना तिचीच भीती वाटत होती.

"बाई, तुम्ही इथे कशा आलात?" ते म्हणाले. "पोर घाबरते हो. तुम्ही जा बघू."

७

अशा वेळी काय करायचं हेही ठरलेलं होतं, आणि तेही तीच शिकवायची. माणूस आपल्याला बघून बिथरलं तर वाद घालायचा नाही, मी तुमची मुलगी आहे हे पटवायला जायचं नाही. हो म्हणायचं, घराबाहेर पडायचं, थोडं थांबायचं, आणि बेल वाजवून नव्यानं आत यायचं. दहातल्या आठ वेळा जमतं. नव्यानं आलेल्या माणसाचं स्वागत होतं.

म्हणून ती हो म्हणाली. जातेच आहे, म्हणाली. चहा टेबलावर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि जिन्यात येऊन दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप नव्हतं लावलं, किल्ली घ्यायचं कारण नव्हतं. भिंतीला टेकून ती उभी राहिली. आपण जे बघितलं ते बघितलं नाही, असं तिनं मनाशी जुळवायला घेतलं, आणि बरंचसं जुळतही आलं. ऊन होतं, झोप नव्हती, कित्येक दिवस धड जेवण नव्हतं.

आतल्या खोलीतून आबांचा आवाज येत होता. लांबून, खोलीच्या तिकडच्या टोकाकडून. काहीतरी गुणगुणत होते, लहानपणी तिच्यासाठी गुणगुणायचे तसं बेसूर. ती ऐकत राहिली आणि तिला रडू आलं.

तो आवाज तिकडे खोलीत चालू असतानाच, तिच्या कानाशी, दाराच्या आतल्या बाजूला, कडी सावकाश सरकली आणि बसली.

तिनं दार ढकललं. मग हातानं वाजवलं. मग बेल दाबली आणि दाबूनच धरली. आतलं गुणगुणणं थांबलं.

"दारात कोण आहे गं?" आबांनी विचारलं. तिला नाही, आत कुणाला तरी.

"आबा, मी आहे," ती दाराला तोंड लावून म्हणाली. पद्धत, शिकवणं, सगळं ती विसरली होती. "मी ढब्बू. तुमची मुलगी. दार उघडा."

मग आबांचा आवाज आला, खाली वाकून एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसा.

"ढब्बू म्हणते आहे. आपल्यात कुणी आहे का गं ढब्बू?"

एक लहानसं उत्तर देऊन व्हायला लागेल इतका वेळ गेला.

"नाही ना? मग राहू दे," आबा म्हणाले.